एकट्याचं टेबल

दुपारी एक ते अडीच या वेळात पनवेलमधल्या कुठल्याही चालत्या बार अँड रेस्टॉरंटमध्ये एकट्यानं जाऊन बघावं. दारातच विचारणा होते, “किती जण?” “एकच” म्हटलं की कॅप्टनची नजर हॉलभर फिरते. चार खुर्च्यांचं टेबल एका माणसाला द्यायचं म्हणजे ऐन गर्दीत तीन ताटांचा धंदा सोडून द्यायचा. त्या घटकेला तो काय करतो, यावरून मी हॉटेल जोखते. कुठं बेसिनशेजारची जागा मिळते, हात धुणाऱ्यांचे शिंतोडे पाठीवर येत राहतात. कुठं न विचारता अनोळखी माणसासमोर नेऊन बसवतात. आणि कुठं कॅप्टन आधी बसलेल्या गिऱ्हाइकाला अदबीनं विचारतो, “साहेब, मॅडम इथं बसल्या तर चालेल ना?” मग माझ्याकडे वळून मलाही विचारतो. सुरमईचं कालवण तिन्हीकडे सारखंच असेल, पण माझे पाय पुन्हा वळतात ते या तिसऱ्या ठिकाणी.

माझं ऑफिस कळंबोलीच्या लोखंड बाजारात आहे. कर्नाक बंदर, दारूखान्याकडचा पोलादाचा घाऊक व्यापार मुंबईबाहेर काढायचा म्हणून सिडकोनं वसवलेला हा बाजार. मी तिथं हिशेब बघते. डबा नसला की बाहेर जेवायचं, आणि या भागात मनासारखी मच्छी थाळी हवी तर बहुतेक वेळा पायरी बारचीच चढावी लागते. शेजारी क्लिअरिंग एजंट फोनवरून कंटेनरचे नंबर सांगत असतात. पलीकडे जागेचे दलाल सातबारे पसरून बसलेले. जवळच्या विमानतळाचं काम सुरू झाल्यापासून ही मंडळी फारच वाढली. काचेच्या दारामागं एसीत कोकणात निघालेली कुटुंबं, आणि बाहेरच्या हॉलमध्ये, दाराजवळ, ट्रेलरचे ड्रायव्हर.

पनवेल हे मुळातच वाटेवरचं गाव. 1830 मध्ये बोरघाटातून गाड्यांचा रस्ता झाला. रेल्वे नव्हती त्या काळात मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीनं पनवेल बंदराला उतरायचा आणि पुढं घाट चढायचा. 1852 मध्ये इथं नगरपालिका आली, राज्यातल्या सगळ्यात जुन्या नगरपालिकांपैकी ती एक. नंतर मुंबई-पुणे रस्ता, गोव्याचा महामार्ग, कोकण रेल्वेच्या गाड्या, कळंबोलीतून सुटणारा एक्स्प्रेसवे. टेकायला थांबणाऱ्यांची इथं कधी ददात पडली नाही. पण वाटसरू गिऱ्हाईक पुन्हा येईल याची खात्री नसते, आणि ज्याचं तोंड परत दिसणार नाही त्याच्याशी कसं वागायचं, हे शेवटी हॉटेलवाल्याच्या नियतीवर असतं.

ही नियत बिघडली की काय होतं, ते या गावानं बघितलेलं आहे. दोन हजारच्या आसपास ‘पनवेलचे बार’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं डान्स बारच यायचे. जमिनीचा मोबदला हातात आलेल्या घरांतली तरुण पोरं रात्री-रात्री नोटा उधळतात, घरं बसतात, अशी ओरड होती. रायगडमधल्या या बारांचा प्रश्न 2005 च्या अधिवेशनात शेकापचे आमदार विवेक पाटील यांनी विधानसभेत मांडला. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदी जाहीर केली आणि ऑगस्टमध्ये ती अमलात आली. पुढं ते प्रकरण न्यायालयात गेलं. 2006 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बंदी रद्द ठरवली, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तोच निर्णय कायम केला, सरकारनं नवा कायदा आणला, आणि 2019 मध्ये न्यायालयानं त्यातल्याही बऱ्याच अटी काढून टाकल्या.

2005 मध्ये बंदीचं आमच्या घरी स्वागतच झालं. आता मला वाटतं, उधळपट्टी थांबावी हे बरोबर होतं. पण नाचणाऱ्या बायकांचं काय, हा प्रश्न आम्ही घरात एकदाही विचारला नाही. रातोरात पोटापाण्याचं साधन गेलं ते त्यांचं. नोटा उधळणारे दुसऱ्या दिवशी आपापल्या कामाला लागले. त्या बाया त्या हॉलमध्ये रात्रभर असायच्या, पण गिऱ्हाईक म्हणून खुर्चीवर बसून त्यांच्यापुढं कुणी ताट ठेवलं असेल असं मला वाटत नाही. आज मी त्याच गावात बारच्या पायऱ्या चढून एकटी जेवते, कुणी वळून बघत नाही, याचं मोल मला म्हणूनच फार वाटतं.

संध्याकाळी मात्र हॉलचा नूर पालटतो. ऑफिसच्या मंडळींबरोबर महिनाअखेरीला गेलं की मी वेटरांचे हात बघत बसते. बाटली टेबलाशी आणायची, लेबल गिऱ्हाइकाकडे करायचं, तीस मिलीचं माप काठोकाठ भरायचं, ग्लासात ओतायचं आणि माप उलटं तसंच धरून ठेवायचं, शेवटचा थेंब पडेपर्यंत. कुणी घाई केली तरी चांगला वेटर तो थेंब सोडत नाही. गिऱ्हाइकाला शंका घ्यायला जागाच ठेवत नाही. मग सोडा, बर्फ, उकडलेले चणे, काकडी. आणि एकटा बसलेला माणूस तिसऱ्या पेगकडं वळला की वेटरचं खरं काम सुरू होतं.

लोखंड बाजारातले एक वयस्क व्यापारी असे एकटेच यायचे. बायको गेल्यावर यायला लागले, असं नंतर कळलं. त्यांना ‘बस करा’ म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती, आणि वेटर तसं म्हणायचाही नाही. तो फक्त मेनू कार्ड न देता विचारायचा, “शेठ, जेवण लावू? आज बांगडा ताजा आहे.” कधी किचन उघडं असूनही सांगायचा, “लास्ट ऑर्डर घेतोय.” शेठ जेवायचे, वेटर रिक्षा दारात बोलवायचा. ही कला त्या वेटरला कुणी शिकवलेली नव्हती. गाव उडुपीकडचं, घरचे तिकडं, हा इथं हॉटेलच्या वरच्या खोलीत आठ-दहा जणांत झोपणारा. एकट्यानं जेवण्याची त्याला सवय होती, एवढंच मी सांगू शकते.

पनवेलमध्ये या कलेला जिवाची किंमत आहे. इथून उठलेला माणूस अर्ध्या तासात एक्स्प्रेसवेवर किंवा घाटात असतो. कायद्यानं शंभर मिली रक्तात तीस मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की तो गुन्हा, आणि 2019 नंतर पहिल्याच वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कलमं ठीक आहेत, पण नाकाबंदी लागते रस्त्यावर आणि माणूस उठतो टेबलावरून. “गाडी स्वतः चालवताय का?” हा प्रश्न दुसऱ्या पेगच्या आधी विचारणारा कॅप्टन मला कुठल्याही चमचमीत स्टार्टरपेक्षा मोठा वाटतो. असे फार नाहीत. असायला हवेत, आणि मालकांनी त्यासाठी त्यांच्या पाठीशी उभं राहायला हवं, कारण असा प्रश्न विचारला की बिल कमी होतं.

बिलाचं एक सांगते, कारण सगळ्यात जास्त आवाज चढतात ते तिथं. दारू जीएसटीत येत नाही. म्हणून जेवणावर पाच टक्के जीएसटी आणि दारूवर वेगळा व्हॅट, जो नोव्हेंबर 2023 मध्ये पाचाचा दहा टक्के झाला. दोन कर दिसले की लोकांना वाटतं, हॉटेलवाल्यानं घुसडलं. सर्व्हिस चार्ज मात्र खरोखरच ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्ये तसं बजावलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं 2025 मध्ये ते उचलून धरलं. तो नाकारायचा तर खुशाल नाकारा, पण मालकाचा राग टिपवर काढू नका. टिपचे पैसे बहुतेक ठिकाणी एका डब्यात जमतात आणि भांडी घासणाऱ्या पोरापर्यंत वाटले जातात.

एकेका गिऱ्हाइकाचं मोल हॉटेलवाल्यांना एकदा कळलं होतं. एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं महामार्गापासून पाचशे मीटरच्या आतली दारूविक्री थांबली. दोन महामार्गांच्या बेचक्यातल्या आमच्या गावात बोर्डावरचे ‘बार’ शब्द कागदानं झाकले गेले. काही महिन्यांनी शहरी हद्दीला मोकळीक मिळेपर्यंत कित्येक पोरं गावी निघून गेली. त्या दिवसांत हॉटेलं फक्त जेवणावर चालत होती, आणि दाराशी आलेल्या एकेका माणसाला मालक स्वतः उठून खुर्ची देत होते. ड्रायव्हरलासुद्धा.

हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण गर्दी परतल्यावर ते थांबलं. मागच्या उन्हाळ्यात एका हॉटेलात एसीत बसले होते. एक ट्रेलरवाला दार ढकलून आत आला. शर्टाला ग्रीस, खांद्यावर पंचा, हात कोपरापर्यंत स्वच्छ धुतलेले. दोन टेबलं रिकामी होती. कॅप्टन म्हणाला, “एसी फुल्ल आहे, बाहेर बसा.” बाहेर पंखा होता आणि मे महिना होता. मी म्हटलं, “दादा, माझ्यासमोर बसा.” तो संकोचला, “नको ताई,” म्हणाला आणि पार्सल सांगून बाहेर उभा राहिला. खरं तर कुणी मेहेरबानी करावी म्हणून तो आला नव्हता, पैसे मोजून जेवायला आला होता.

काउंटरवर मालक होते. त्यांना विचारलं. भला माणूस, चिडले नाहीत. म्हणाले, “मॅडम, मला काय त्याचं? पण फॅमिली गिऱ्हाईक तक्रार करतं. दोन जणांनी उठून जायची भाषा केली की मला कर्मचाऱ्यांचे पगार दिसतात.” त्यांचं खोटं नव्हतं. तो दरवाजा आमच्यासारख्यांच्या तक्रारींनीच बंद झालेला आहे. विमानतळ सुरू झालाय, नवी हॉटेलं उघडतायत, काचा अजून जाड होतील. म्हणून हल्ली मीही तक्रार करते, उलट बाजूनं. टेबलं रिकामी असताना कुणाला बाहेर पाठवलेलं दिसलं, की बिल देताना काउंटरवर सांगते, आसपासच्या चार टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात. कुणी नाक मुरडतं. परवा पलीकडच्या टेबलावरच्या एका आजींनी मान डोलावली आणि त्याही काउंटरकडे आल्या.