पिच्चर, सिरियली आणि आमचे बाबा

आज शनिवार. ऑन-कॉल दुसऱ्याच्या गळ्यात आहे, वॉशिंग मशीन फिरतंय आणि आईनं वाशिमहून पाठवलेला चिवडा अजून शिल्लक आहे. म्हणजे पिक्चरवर बोलायला हरकत नाही. आधीच सांगतो, मी समीक्षक वगैरे नाही. कॅमेरा अँगल मला कळत नाही, आणि पिक्चर बरा असेल तर मी मोबाइल बघत नाही, एवढीच माझी रेटिंग सिस्टीम.

तर सुरुवात 'श्रीयुत गंगाधर टिपरे'पासून. 2001 मध्ये अल्फा मराठीवर लागायची. खलनायक नाही, कटकारस्थान नाही, नुसतं एक घर आणि दिलीप प्रभावळकरांचे आबा. आमच्याकडे ऐन टिपरेच्या वेळी लाइन जायची, त्यामुळे निम्मे भाग मी नंतर यूट्यूबवर बघितले. अजूनही बघतो. फुल मार्क्स.

'स्वदेस' (2004). प्रत्येक आयटीवाल्याचा लाडका. बघायचा, रडायचं आणि सोमवारी व्हिसाचं काय झालं म्हणून मॅनेजरला मेल टाकायचा! मीही तेच केलंय. त्यातलं गाव उत्तरेतलं दाखवलंय, पण शूटिंग झालं आपल्या वाईजवळच्या मेणवलीत. हे कळल्यावर मला उगाच बरं वाटलं होतं.

'सैराट' (2016) मला आवडला तो गाण्यांपेक्षा भाषेसाठी. करमाळ्याकडची बोली, आणि ती बोलणारे हिरो-हिरॉइन. कुणी कुणाची माफी मागत नाही. आमच्या ऑफिसातली अस्सल पुणेरी मंडळी आठवडाभर तसं बोलायचा प्रयत्न करत होती. जमत नव्हतं, ते सोडा.

आणि इथेच माझं दुखणं सुरू होतं.

आमची वऱ्हाडी टीव्हीवर आली की लोक आधीच हसायला लागतात. 'चला हवा येऊ द्या'मध्ये भारत गणेशपुरे तोंड उघडायचे आणि हॉल कोसळायचा. मीही हसायचो, माणूस भारीच आहे. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली नागपूरची राधिका तर चक्क नायिका होती, त्याचा मला आनंदच. पण तरी हिशोब मांडला तर काय दिसतं? आमची भाषा पडद्यावर येते ती एकतर हसवायला, नाहीतर मरायला.

मरायला म्हणजे 'गाभ्रीचा पाऊस'. सतीश मनवरांचा, 2009 चा. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिलाय, म्हणून अलका (सोनाली कुलकर्णी) आपल्या नवऱ्यावर, किसनावर (गिरीश कुलकर्णी) नजर ठेवते. त्याला एकटं सोडायचं नाही म्हणून लहान पोराला त्याच्या मागे लावते. गंमत म्हणजे यातले कित्येक सीन विनोदी आहेत. किसनाला कळतच नाही, घरात अचानक एवढे लाड का चाललेत.

2010 च्या दिवाळीत मी मोठ्या कौतुकानं त्याची डीव्हीडी गावी घेऊन गेलो. आपल्या भाषेतला पिक्चर, बाबा खूश होतील! बाबा सुरुवातीला हसलेसुद्धा. मग ते पोरगं बापामागे वावरात निघालं आणि बाबा उठले. "बैलाले पाणी दाखवून येतो," म्हणाले आणि गोठ्यात गेले. ते काही परत आले नाहीत.

मी आईकडे बघितलं. ती टीव्हीकडेच बघत होती. म्हणाली, "ज्या साली थे पॅकेज आलं ना, त्या साली मी बी बारक्याले यायच्या मांगं धाडत होती. शाळा बुडवून."

ते साल 2006. पंतप्रधानांच्या पॅकेजमधल्या सहा जिल्ह्यांत आमचा वाशिमही होता. मी तेव्हा पुण्यात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. दर रविवारी घरी फोन करायचो. "सगळं बरं हाय, तू अभ्यास कर," एवढंच ऐकायचो आणि विश्वास ठेवायचो. त्या वर्षीची माझी फी वेळेवर भरली गेली होती. कशी, ते मी तेव्हा विचारलं नाही. धाकट्याचं गणित कच्चं राहिलं म्हणून मात्र मी त्याला भरपूर झापलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना बाबांनीच विषय काढला. "मंग आला का रे पाऊस, त्या पिच्चरमधी?"

"आला बाबा. पण..."

"राहू दे. थो 'पण' आमाले मायीत हाय."

यावर काय बोलणार? मी निमूट चहा प्यालो.

त्यानंतर तो पिक्चर मी दोनदा पूर्ण बघितला, एकट्यानं. मोबाइलला हात लावला नाही. माझ्या सिस्टीमप्रमाणे पाचपैकी पाच, पण बाबांना पुन्हा लावून दाखवणार नाही. आणि एक बदल झाला. पूर्वी घरचा फोन आला की मी उठून जिन्यात जायचो, हळू आवाजात वऱ्हाडी बोलायला. आता डेस्कवरच बोलतो. शेजारचा हसतो कधीकधी. हसू दे.

असो. मशीन थांबलंय, कपडे वाळत घालायचेत. बाबांना सध्या काय आवडतं म्हणाल तर टिपरेच. धाकट्यानं त्यांच्या मोबाइलवर लावून दिलंय. आता लाइन गेली तरी आबा दिसतात.