590 ग्रॅमची वाकळ

स्लीपिंग बॅगचा पाठीखालचा भाग रात्रभर फुकट असतो. ऊब देते ती तंतूंनी धरून ठेवलेली हवा. आपल्या वजनाखाली तंतू चेपले की हवा जाते आणि उरतं नुसतं कापड. जमिनीची थंडी अडवते ती कॅरीमॅट. मग हा खालचा भाग आणि त्याची लांबलचक चेन सॅकमधून वाहायची कशाला? अमेरिकेतला रे जार्डिन आणि त्याची बायको जेनी चार हजार किलोमीटरहून लांब पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल चालले, ते दोघांत मिळून एकच, घरी शिवलेली रजई घेऊन. हे वाचल्यापासून माझी दीड किलोची बॅग मला खुपायला लागली.

आधी कागदावर हिशेब केला. खांद्यांशी 135 सेंटिमीटर रुंद, पायांकडे निमुळती होत 100, लांबी 200. म्हणजे साधारण 2.35 चौरस मीटर. चौरस मीटरला 40 ग्रॅमचं रिपस्टॉप नायलॉन, वर-खाली दोन थर: 188 ग्रॅम. मध्ये 150 ग्रॅमचं पॉलिएस्टर वॅडिंग: 352. नाडी, इलॅस्टिक, टिचबटणं वेगळी. रिपस्टॉपमध्ये ठरावीक अंतरावर जाड धागे विणून चौकटी केलेल्या असतात, त्यामुळे फाटलं तरी चीर सहसा पुढच्या धाग्याशी थांबते. जाकिटांसाठी लागतं तसं वॅडिंग गादीवाल्याकडेच मिळालं. "पाच पट जाड घ्या की," असं तो पुनःपुन्हा सांगत होता.

खरा वाद घरात झाला. माझ्या सासूबाई माणच्या. जुन्या लुगड्यांचे थर लावून त्यांनी आयुष्यभर वाकळा शिवल्या.

"दोरं कुठं घालणार?" त्यांनी विचारलं.

"घालणारच नाही, आई. दोऱ्याच्या ओळीवर थर दबतो आणि तिथून थंडी शिरते."

"मग दोन धुण्यात आतलं सगळं एका कोपऱ्यात गोळा हुईल बघ."

त्यांचंही खरं होतं. अखंड तंतूंचं वॅडिंग असतं तर कडांना शिवून भागलं असतं. हे आखूड तंतूंचं होतं. शेवटी धावदोऱ्याऐवजी वीतभर अंतरावर सुट्या गाठी मारायचं ठरलं, त्याही इतक्या सैल की जाडी दबू नये. त्या गाठी त्यांनीच मारल्या. माझ्या हाताला तेवढा सैलपणा जमतच नव्हता.

त्याआधी मशीनवरचं काम. नायलॉन निसरडं; टाचण्या लावल्या तर भोकं राहतात, म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. दोन्ही कापडं सुलट्या बाजू आत घेऊन एकावर एक, खाली वॅडिंग, त्याखाली वर्तमानपत्र, नाहीतर मशीनचे दाते तंतू ओढतात. बारीक सुई, पॉलिएस्टर दोरा. हातभर जागा सोडून कडा शिवायच्या, कागद फाडून काढायचा आणि त्या फटीतून सगळं उलथं करायचं. पायांकडचा भाग टिचबटणांनी गुंडाळून नाडीनं आवळला की पाय घालायला पिशवी तयार होते. मानेशी दुसरी नाडी. पाठीमागून जाणारी दोन इलॅस्टिकं रजई मॅटला धरून ठेवतात. ती हवीतच, कारण कूस बदलताना बाजूची फट उघडली की सगळी ऊब एका क्षणात जाते.

किराणा दुकानातल्या काट्यावर भरली 590 ग्रॅम.

डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर नेली. देवळाजवळच्या गुहेत झोपलो. पाठ पूर्ण उबदार, छाती उबदार, डोकं मात्र गार. रजईला टोपडं नसतं, माकडटोपी लागतेच. अंगावर काही नसल्यासारखं वाटतं हेही खरं, आणि वाकळीच्या वजनाखाली वाढलेल्यांना ते रुचत नाही. सासूबाईंना दुपारी पांघरून बघायला दिली, तर "ऊब हाय, पर झोप न्हाई लागायची ह्यात," म्हणाल्या. हिमालयातल्या बर्फात ही पुरणार नाही. तिथे मी जुनीच बॅग नेईन.

आमच्या ग्रुपमधल्या सहा फुटी मित्राला आता तशीच हवी आहे. त्याला 220 सेंटिमीटर कापड सांगितलंय. मशीन माझं वापर म्हटलं, शिवायचं त्यानं. गाठींसाठी सासूबाईंना विचारायला मात्र तो अजून धजावलेला नाही.