आधीं आवर, मग वेग

वेगाचें कौतुक मनुष्यास उपजतच असतें. आवराचें मात्र शिकावें लागतें. घोडा किती दौडतो हें सारा गांव पाहतो. लगाम कसा धरला आहे हें एखादा जाणताच पाहतो. मोटारीचेंहि तसेंच आहे.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें गेल्या वर्षीं वडिलांची पद्मिनी मोटार बाहेर काढली. ही मोटार मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत बनत असे. १९६४ सालच्या फियाट ११०० ची ती घडण पुढें पद्मिनी या नांवानें अनेक वर्षें चालू राहिली. इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचें, शक्ति सुमारें चाळीस घोड्यांची. गाडी कुटुंबवत्सल खरी. पण हौशी लोक हिच्यांतच फेरफार करून मद्रासेजवळ शोलावरमच्या जुन्या धांवपट्टीवर शर्यती खेळले आहेत. शर्यतीच्या लहान मोटारी आपल्याकडे दुर्मिळ. तेव्हां जी दारांत उभी आहे तिलाच तें रूप द्यावयाचें, हीच याचीहि हौस. इंजिन, स्प्रिंगा आणि ब्रेक तिन्ही सुधारावयाचीं. पैसा मात्र या वर्षीं एकाच कामापुरता. “सर, इंजिनापासून आरंभ करतों,” असें सांगत तो आमच्याकडे आला. जळगांवाहून पाळधी, एरंडोल, पारोळें या वाटेनें तो दर आठवड्यास धुळ्यास जातो, आणि मागच्या बैठकीवर त्याची सहा वर्षांची मुलगी असते. हें ठाऊक असल्यामुळें प्रश्न आम्हांस केवळ यंत्राचा वाटला नाहीं.

आम्ही पदार्थविज्ञान शिकवितों. आम्हीं त्यास एक जुनें गणित मांडून दाखविलें. धांवत्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ताशी ६० किलोमीटरचा वेग ८० झाला, तर वाढ एक तृतीयांशाचीच; पण तेच ब्रेक लावून थांबण्यास लागणारें अंतर जवळजवळ पावणेदोनपट होतें. वेग दुप्पट, तर अंतर चौपट. ही सारी ऊर्जा ब्रेकांत उष्णता होऊन उतरते. त्याच्या गाडीच्या चारहि चाकांना बंद ड्रम होते. ड्रम तापला कीं प्रसरण पावून आंतल्या लायनरपासून दूर सरतो, लायनरची पकड मंदावते, आणि पायाखालचें पेडल खोल जाऊं लागतें. मे महिन्यांत आमच्याकडे पारा ४५ अंशांपाशीं गेला असतां चाळीसगांव-कन्नडमधील औट्रम घाट उतरून पाहावा, प्रत्यय येतो. डिस्क ब्रेकची तबकडी उघडी असल्यानें वाऱ्यानें लवकर निवते, आणि तापून फुगली तरी पकडीपासून दूर जात नाहीं.

पण ब्रेक ही अर्धीच गोष्ट. ब्रेक चाकास थांबवितो. मोटारीस थांबवितो तो रस्ता, आणि रस्त्याशीं गांठ फक्त टायरची. पुढच्या स्प्रिंगा व मागचे पाटे गाडीचें ओझें पेलतात. त्यांचें हेलकावणें आवरतात ते शॉक अ‍ॅब्सॉर्बर. ते निकामी असले तर खड्ड्यावरून उसळलेलें चाक क्षणभर हवेंत राहतें, आणि हवेंत उत्तमांतला उत्तम ब्रेकहि व्यर्थ. म्हणून दुसरा मान यांचा. केवळ दिखाव्यासाठीं स्प्रिंगा कापून गाडी बुटकी करण्याची जी चाल आहे, तिनें हें काम साधत नाहीं, उलट बिघडतें.

इंजिन सर्वांत शेवटीं. मोठा कार्ब्युरेटर बसवितां येतो, हेड घांसून दाब वाढवितां येतो. पण शक्तीबरोबर उष्णताहि वाढते, आणि खानदेशच्या उन्हांत रेडिएटर तिला पुरा पडावा लागतो. शिवाय कायदा आहे. नोंदणीपत्रांतील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाहून निराळे होतील असे फेरफार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम करूं देत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं तेंच उचलून धरलें. इंजिन बदलावयाचें तर परिवहन कार्यालयाची परवानगी आधीं. ब्रेकांच्या बदलाविषयींहि तेथें विचारून घे, असें आम्हीं त्यास सुचविलें.

विद्यार्थी ऐकत होता. पण पटलें असें त्याच्या मुद्रेवर दिसेना. गणितानें न झालेलें काम धुळ्याच्या एका वृद्ध मिस्त्रीनें केलें. त्यानें गाडी स्वतः हांकीत लळिंगच्या घाटापर्यंत नेऊन आणली, हात पुसले आणि अहिराणींत एवढेंच म्हटलें, “भाऊ, पहिले थांबाले शिक, मंग पयाले.”

पुढच्या चाकांना डिस्क बसल्या. शॉक अ‍ॅब्सॉर्बरांची पाळी पुढल्या वर्षीं. इंजिन होतें तेंच आहे, चाळीस घोड्यांचें. तरी विद्यार्थी सांगतो कीं आतां तो धुळ्यास पूर्वीपेक्षां लवकर पोंचतो. समोर बैलगाडी दिसली कीं फर्लांगभर आधींपासून वेग मारावा लागत नाहीं. यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें यांत नवल नाहीं. आम्हांस अधिक महत्त्वाची वाटली ती त्याच्या पत्नीची साक्ष: शेजारच्या बैठकीवर ती आतां दाराची मूठ धरून बसत नाहीं.