कूटप्रश्न

शेंगदाण्यावाचून आठ दिवस स्वयंपाक करून दाखवा, असे कोणी सोलापूरकराला म्हटले तर तो आधी हसेल आणि मग विचारील, "म्हणजे काय, नुसती मीठ-भाकरी खायची?" आमच्याकडे दाण्याचे कूट हा काही एक पदार्थ नव्हे, ती हाताला लागलेली सवय आहे. वांग्याच्या भाजीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, मेथीच्या पातळ भाजीत कूट, एकादशीच्या खिचडीत तर कूटच कूट! आणि या सगळ्यावर कडी म्हणून ताटाच्या डाव्या बाजूला उखळात कुटलेली, लालभडक, तेल सुटलेली शेंगाचटणी. पाहुणा गावाला निघाला की त्याच्या पिशवीत कडक भाकरी आणि ही चटणी गेलीच पाहिजे.

अशा गावात, अशा घरात माझा धाकटा भाऊ जन्माला आला, आणि नीट बोलू लागण्याआधीच त्याच्या देहाने शेंगदाण्याशी वैर धरले.

तो दोन वर्षांचाही नव्हता. आजीने भाकरीच्या तुकड्याला किंचित चटणी लावून त्याच्या तोंडात घातली. थोड्याच वेळात ओठ सुजले आणि अंगावर गांधी उठल्या. डॉक्टरांनी औषध दिले, तासाभरात सारे शांत झाले. "याला शेंगदाण्याची ॲलर्जी दिसते. अजिबात देऊ नका," असे ते म्हणाले. आईने ते ऐकले. आजीने ऐकले नाही. म्हणजे ऐकले, पण तिला ते पटले नाही. "या घरात चार पिढ्या शेंगा खाऊन वाढल्या. शेंगांनी कधी कुणाचं वाईट झालंय? पोटाला सवय नाही, दुसरं काय! थोडं थोडं देत गेलं की सवय होईल." आमच्या घरात आजीच्या शब्दापुढे कोणी फारसे जात नसे.

२०१४ सालची आषाढी एकादशी मला अजून जशीच्या तशी आठवते. मी नऊ वर्षांची होते, भाऊ चार वर्षांचा. आम्ही सगळे ओळीने बसून साबुदाण्याची खिचडी खात होतो आणि त्याच्यापुढे राजगिऱ्याच्या लाह्या आणि दूध असलेली वेगळी वाटी होती. त्याने ती वाटी ढकलून दिली. "मलाच का वेगळं?" असे म्हणून तो रडू लागला. आई आत शेगडीपाशी होती. आजीला ते रडणे बघवेना. तिने आपल्या ताटातली दोन घास खिचडी त्याला भरवली आणि माझ्याकडे बघून तोंडावर बोट ठेवले.

दहा मिनिटे झाली नसतील. तो खाजवू लागला, मग ओकला, मग त्याचा आवाज घोगरा झाला. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. बाबांनी त्याला तसेच उचलले, आई स्कूटरवर मागे बसली आणि ते दवाखान्याकडे गेले. घरात आजी आणि मी दोघीच उरलो. आजी देवघरासमोर बसली होती, पण तिचे हात जोडलेले नव्हते. ती नुसती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. "याच हातानं भरवलं गं," एवढे एकच वाक्य ती संध्याकाळपर्यंत दोनदा बोलली. मला माहीत होते आणि मी आईला हाक मारली नव्हती, हे मी तिला कधी सांगितले नाही. आज प्रथमच लिहीत आहे.

दवाखान्यात त्याला वेळेवर ॲड्रेनलिनचे इंजेक्शन मिळाले आणि तो वाचला. दुसऱ्या दिवशी आजी त्याला बघायला गेली, तेव्हा डॉक्टर तिच्यावर रागावले नाहीत. त्यांनी खुर्ची दिली आणि समजावून सांगितले. आपल्या शरीरात शत्रूशी लढणारी एक व्यवस्था असते. ती कधी कधी चुकते. शेंगदाण्यातल्या प्रथिनाला ती शत्रू समजते आणि सारी फौज घेऊन तुटून पडते. त्या लढाईत त्वचेवर गांधी येतात, घशाला सूज येते, रक्तदाब उतरतो. त्याला दाण्याची भीती नाही, आजी. त्याच्या शरीराला आहे. आणि ती रडून, रागावून किंवा लाडाने जात नाही. दुधाची किंवा अंड्याची ॲलर्जी पुष्कळ मुलांची मोठेपणी जाते; शेंगदाण्याची मात्र बहुतेकांची जन्मभर राहते.

पुढे कॉलेजात आल्यावर मी या विषयावर थोडे वाचले. 'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडवला. म्हणजे आजी म्हणते तसे हे आजकालचे खूळ नव्हे. निदान त्याचे नाव तरी शंभर वर्षांहून जुने आहे. दुसरी गोष्ट वाचली तेव्हा मात्र मी चकित झाले. २०१५ साली लंडनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या तान्ह्या मुलांना ॲलर्जी होण्याचा धोका अधिक होता, त्यांतल्या काहींना पहिल्या वर्षाच्या आतच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, शेंगदाण्याचे पदार्थ नियमाने देण्यात आले. दाण्यापासून दूर ठेवलेल्या मुलांपेक्षा या मुलांत पाचव्या वर्षी ॲलर्जीचे प्रमाण फारच कमी आढळले. म्हणजे आजीचे 'सवय होईल' हे म्हणणे अगदीच वेडेपणाचे नव्हते! पण ते ॲलर्जी जडण्याआधीचे शहाणपण होते. एकदा शरीराने वैर धरल्यावर घरच्या घरी 'थोडे थोडे' देणे म्हणजे विस्तवाशी खेळ. मी हे आजीला सांगितले. तिला जरा बरे वाटले असावे. ती एवढेच म्हणाली, "वेळ चुकली म्हणायची."

पण मी पुढचे आधी सांगितले. दवाखान्यातून भाऊ घरी आला आणि खरा प्रश्न सुरू झाला : जेवायचे काय?

सुरुवातीला आईने दोन स्वयंपाक केले. एक आमचा, एक त्याचा. दोन कढया, दोन पळ्या, दोन पोळपाट. ती थकून जाई, आणि एवढे करूनही भीती जाईना. कारण घाईत आमची पळी त्याच्या आमटीत पडली की संपले. आणि तो बिचारा ओट्याजवळ एकटा बसून जेवे. आई शाळेत शिकवते. सकाळी साडेसहाला तिला घर सोडावे लागते. पंधरा-वीस दिवस असे गेले असतील. एके दिवशी आजीने पदर खोचला आणि जाहीर केले, "आजपासून या घरात एकच स्वयंपाक होईल. त्याला चालतं ते आपल्याला चालेल. पंगतीत एकाचं पान वेगळं मांडायचं नाही."

हे बोलणे सोपे होते. पण कोपऱ्यात उखळ होते. काळ्या दगडाचे, आजी लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सासूने तिच्या हवाली केलेले. पन्नास वर्षे त्यात शेंगाचटणी कुटली गेली होती. तेल दगडात मुरले होते. आईने ते राखेने घासले, उकळत्या पाण्याने धुतले. आजीने आत हात फिरवून वास घेतला आणि मान हलवली. "दगडानं तेल प्यायलंय. हे धुऊन जायचं नाही." पुढच्याच आठवड्यात तिच्या धाकट्या बहिणीच्या गावचा टेम्पो आला, त्यात उखळ चढवले. टेम्पो गेल्यावर आजीने कोपऱ्यातली ती वाटोळी ओली खूण पुसून काढली. कोणी काही बोलले नाही.

त्यानंतर आमचे स्वयंपाकघर ही एक प्रयोगशाळाच झाली. भावाला तीळ, खोबरे, कारळे, जवस, हरभरा चालतात की नाही हे डॉक्टरांनी आधी तपासून घेतले. हातावर थेंब टाकून सुईने बारीक टोचायचे आणि पाव तास वाट बघायची. गांध उठली तर तो पदार्थ वर्ज्य. या पाचांपैकी एकही उठली नाही. त्या दिवशी आईने सुटकेचा निःश्वास टाकला.

पहिल्या भरल्या वांग्यात आजीने नुसते तीळ घातले. भाजी कडवट झाली. दुसऱ्या वेळी कारळे जास्त पडले. भाजी डांबरासारखी काळी! तिसऱ्या वेळी जमले. आता आमच्या घरचे प्रमाण ठरलेले आहे : तीन चमचे किसलेले सुके खोबरे, दोन चमचे तीळ, एक चमचा कारळे, सारे वेगवेगळे भाजून एकत्र कुटायचे, मग काळा मसाला, चिंच आणि गूळ. पातळ भाजी दाट करायला भाजलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे पीठ. कोशिंबिरीला ओले खोबरे. घाण्याच्या शेंगतेलाच्या जागी करडईचे तेल. करडई आमच्या जिल्ह्यातलीच, तिला कुठून आणावे लागत नाही. ताटाच्या डावीकडे कारळ्याची चटणी, लसूण जरा सढळ हाताने.

बाजारात मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. डाळे आणि फुटाणे आम्ही विकत आणत नाही, कारण भट्टीत ज्या वाळूत फुटाणे भाजतात त्याच वाळूत शेंगाही भाजतात. मसाला कांडपातून आणत नाही, कारण आपल्या आधी कोणी दाणे कुटून गेले असतील ते कळत नाही. पुड्यावरची बारीक अक्षरे वाचायला भाऊ सात वर्षांचा असतानाच शिकला. शेंगदाणा, दूध, गहू, सोयाबीन असे पदार्थ आत असतील तर तसे पुड्यावर छापण्याचा नियम आता आहे. पण मिठाईवाल्याच्या परातीवर कसली आली अक्षरे!

दर उन्हाळ्यात माझी मामेबहीण येते. तिला गहू चालत नाही. तिचा आजार वेगळा, त्याला सिलिॲक म्हणतात. गव्हातल्या ग्लुटेनमुळे तिच्या आतड्याला इजा होते. पण आमच्या घरी ती निर्धास्त असते, कारण ज्वारीची भाकरी हा आमचा रोजचाच घास. एकदा मात्र सगळे सांभाळूनही तिचे पोट बिघडले. शोधता शोधता आईने हिंगाची डबी उचलली. बाजारच्या खड्याच्या आणि पुडीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे आम्हाला तेव्हा कळले. फोडणीत चिमूटभर पडणाऱ्या वस्तूची चौकशी कोण करतो? आम्ही करतो. उलट आजोबांना दूध पचत नाही. पोट फुगते, पण ताक चालते. ती ॲलर्जीच नव्हे. दुधातली साखर पचवण्याची शक्ती वयाबरोबर कमी झालेली असते, एवढेच. तिन्ही गोष्टींना लोक सरसकट 'ह्यांना चालत नाही' म्हणतात. पण एकाला पोटदुखी होते आणि एकाचा श्वास थांबतो, हा फरक नाव सारखे म्हणून पुसला जात नाही.

एकादशीचे काय, असे तुम्ही विचाराल. आजीला वाटत होते, दाण्याशिवाय उपवास म्हणजे उपवासच नव्हे. मी तिला एकदा गंमत सांगितली. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिकडचा, रताळे तिकडचे, मिरची तिकडची. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंदही तिकडचाच. राजगिरासुद्धा मूळचा अमेरिका खंडातला! "म्हणजे माझ्या आजेसासूच्या आजेसासूला हे काहीच ठाऊक नव्हतं?" तिने विचारले. नसावेच. ती विचारात पडली आणि म्हणाली, "मग ज्यांनी हे उपवासाला चालवून घेतलं, त्यांना एक वगळायला काय हरकत?" आता आमच्या घरी आषाढीला भगर आणि ओल्या खोबऱ्याची आमटी असते. खिचडी असते, पण तिच्यात खोबरे. खरे सांगायचे तर ती खिचडी पूर्वीसारखी लागत नाही. पण ओळीत सगळ्यांची पाने सारखी असतात.

लग्नकार्यात आजी भावाच्या शेजारीच बसते. बसण्याआधी मागे आचाऱ्याकडे जाऊन येते. "दाण्याचं कूट कशाकशात आहे? पळी एकच का?" असे स्पष्ट विचारते. उत्तर मनासारखे नसले तर पिशवीतून डबा निघतो, आणि डबा दोघांचा असतो. लोक हसतात. "आजी, नातवाचे फार लाड करता!" ती उत्तर देत नाही. डब्याबरोबर आणखी एक छोटी पेटी तिच्या पिशवीत असते. तिच्यात इंजेक्शन असते, आणि ते मांडीत कसे द्यायचे हे आई-बाबांबरोबर मीही शिकले आहे.

परवा मी तिला विचारले, "आजी, शेंगाचटणीची आठवण येते का गं?" ती म्हणाली, "येते की. न यायला काय झालं? पण त्या दिवसाचीही येते."

हा लेख मी या अंकासाठी लिहिला त्याला एक कारण आहे. माझा भाऊ यंदा दहावीला आहे आणि पुढच्या वर्षी तो आपल्याच महाविद्यालयात अकरावीला येईल. मित्र मिळतील, डबे उघडले जातील, कोणीतरी पोह्यांची बशी पुढे सरकवील आणि प्रेमाने म्हणेल, "घे रे, एवढ्याने काय होतंय?" प्रेमानेच म्हणेल, माझी आजीही प्रेमानेच म्हणाली होती. म्हणून मित्रमैत्रिणींनो, आग्रह करण्याआधी त्याला एवढेच विचारा, "हे तुला चालतं का?" आणि तो 'नाही' म्हणाला, तर त्याला एकट्याला बाकावर सोडून जाऊ नका. डबा तो घरूनच आणील. शेजारी बसून जेवा, आणि त्याच्या डब्यातली कारळ्याची चटणी मागून घ्या. ती आजीने कुटलेली असेल.