क्वायर सुट्टीवर असताना

केप ॲन, मॅसॅच्युसेट्स
जुलैचा दुसरा आठवडा

प्रिय आत्या,



तुझं पत्र पोचलं. पालख्या भवानी पेठेत आणि नाना पेठेत उतरल्या, दोन दिवस रिक्षा मिळाली नाही, रविवारी अर्धी मंडळी पहिलं गीत संपल्यावर आत आली, हे सगळं वाचून पुण्यातली आषाढी वारी डोळ्यांपुढे उभी राहिली. तू विचारलंयस, ‘तुमच्या चर्चमध्ये उन्हाळ्यात काय चालतं, की सगळे समुद्रावर?’ खरं सांगू का, सगळे समुद्रावरच. पण जे चार लोक मागे उरतात त्यांचं काय होतं, ते जरा सविस्तर लिहावंसं वाटलं.

आधी तुझी जुनी शंका. ‘एपिस्कोपल म्हणजे नक्की कोण, आपले की परके?’ आपलेच. अँग्लिकन घराण्यातली ही अमेरिकेतली शाखा. आपल्याकडचे अँग्लिकन १९७० साली नागपुरात इतर मंडळ्यांबरोबर चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाले, तरी हे नातं तुटलं नाही, म्हणून मी इथे आले तेव्हा मला कुणी वेगळी दीक्षा घ्यायला लावली नाही. आणखी जवळचं सांगायचं तर, तुझं पंचहौदचं मिशन ज्या काउली फादरांनी चालवलं, त्यांचाच मठ इथून तासाभरावर केंब्रिजमध्ये चार्ल्स नदीच्या काठी आहे. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा एका ब्रदरांना १८९०च्या चहाची गोष्ट सांगितली. त्यांच्या मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांवर केवढा गहजब झाला, ग्रामण्य काय, प्रायश्चित्त काय! ते पोट धरून हसले आणि म्हणाले, चहा घेणार का?

तर उन्हाळा. आमच्याकडे त्रैक्य रविवार झाला की क्वायर सुट्टीवर जातो, तो थेट सप्टेंबरात, लेबर डे उलटल्यावर परततो. गुरुवारच्या तालमी बंद. झगे धुऊन कपाटात. रविवारच्या दोन उपासनांची एकच होते. रेक्टर, म्हणजे मुख्य पाळक, महिनाभर रजेवर जातात आणि त्यांच्या जागी दर आठवड्याला कुणीतरी निवृत्त पाळक येतात. एखादे सुरेख प्रवचन करतात, एखादे १९७०च्या दशकात लिहिलेलं पुन्हा वाचतात. वेदीवरचं वस्त्र हिरवं होतं आणि नोव्हेंबर संपेपर्यंत, एखाददुसरा सण सोडला तर, हिरवंच राहतं. उपासनेनंतरची कॉफी आतल्या हॉलमधून बाहेर हिरवळीवर येते आणि तिचं लिंबू सरबत होतं. सरबत पावडरीचं असतं, हे तुला सांगायला नको होतं.

हे आळसाचं वाटेल, पण त्यामागे इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात या पंथात शहरातली पैसेवाली मंडळी पुष्कळ. जून उजाडला की बॉस्टन-न्यूयॉर्कचे धनिक नोकरचाकरांसह न्यूपोर्टला नाहीतर मेनच्या किनाऱ्यावर जायचे, शहरातली काही चर्चं चक्क कुलूप लावून ठेवली जायची आणि पाळकही त्यांच्यामागून जायचे. मग किनाऱ्यावर उन्हाळी चर्चं उभी राहिली. मेनमध्ये केनेबंकपोर्टला सेंट ॲन्स आहे, अगदी समुद्राला लागून, दगडी. थोरले अध्यक्ष बुश यांचं कुटुंब तिथलंच. ते आजही फक्त उन्हाळ्यात उघडतं. आमचं गाव त्या थाटाचं नाही. इथे मच्छीमार आहेत, चित्रकार आहेत, आणि जुलै-ऑगस्टपुरते भाड्याने राहायला येणारे पाहुणे आहेत. पण सुट्टीची सवय मात्र त्या श्रीमंतांकडूनच आली, आणि ज्याला वर्षातून जेमतेम दहा दिवस रजा मिळते तोही ती इमानेइतबारे पाळतो.

आता ऑर्गनचं ऐक, ते तुला आवडेल. जूनच्या अखेरीस ट्यूनर आला होता. आतल्या नळ्या जुळवताना बाहेर कुणीतरी पट्ट्या दाबून धरायला लागतं, ते काम माझ्याकडे आलं. तो शिडीवरून नळ्यांच्या खोलीत शिरला, कपाळाला दिवा बांधून. मी एक पट्टी दाबायची, आतून टक् टक् असा बारीक आवाज यायचा, सूर थरथरायचा, थरथर मंद होत होत थांबायची, मग तो ओरडायचा, ‘नेक्स्ट!’ असं दुपारभर. मध्येच तो घामाघूम होऊन बाहेर आला तेव्हा मी विचारलं, थंडीत तर सगळं नीट लागत होतं, आता काय झालं? त्याने समजावलं ते असं. ऑर्गनमधल्या बहुतेक नळ्या बासरीच्या जातीच्या. हवा तापली की त्यातून आवाज वेगाने धावतो, आणि सूर चढतो. दहा अंश सेल्सिअस तापमान वाढलं तर जवळजवळ अर्धस्वराच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. पण ट्रम्पेट, ओबो अशा नावाच्या ज्या नळ्या असतात, त्यांच्यात पितळेची जीभ थरथरते. सूर मुख्यतः त्या जिभेवर अवलंबून, तो जिथल्या तिथे राहतो. म्हणजे उन्हाळ्यात बिघडल्यासारख्या वाटतात त्या जिभेच्या नळ्या, पण हललेल्या असतात दुसऱ्याच. तरी तो जिभेच्याच नळ्या हलवतो, कारण त्या थोड्या आहेत आणि बाकीच्या शेकड्यांनी. अल्पसंख्याकांनी जुळवून घ्यायचं, हा न्याय इथेही.

तेव्हा मला तुझी पायपेटी आठवली. मे महिन्यात पत्रे तापायचे, आम्ही वहीने वारा घालायचो, आणि पेटी मात्र जिथल्या तिथे. सगळ्याच पितळी जिभा, मग भांडण कुणाचं कुणाशी! ट्यूनरला मी हे सांगितलं. तो म्हणाला, तुमच्या आत्याबाई सुखी आहेत.

हा माणूस स्वतंत्र धंदा करतो, पण या भागात ऑर्गनची विद्या मुरलेली आहे. शेजारच्या ग्लॉस्टरमध्ये चार्ल्स फिस्कने १९६१ साली कारखाना काढला. फिस्क तरुणपणी लॉस अलामॉसला अणुबॉम्बच्या कामावर होता, नंतर ते सगळं सोडून नळ्या बनवायला लागला. आणि मेथुएन नावाच्या गिरणगावात एका हौशी कोट्यधीशाने केवळ एका ऑर्गनसाठी सभागृह बांधलं आहे. तो जर्मनीत बनवलेला ऑर्गन १८६३ साली बॉस्टनच्या म्युझिक हॉलमध्ये बसवला होता, तिथून उखडला गेला, आणि १९०९ला या नव्या घरात पुन्हा उभा राहिला. उन्हाळ्यात दर बुधवारी संध्याकाळी तिथे वादन असतं. क्वायर बंद असला की आम्ही काहीजण तिथे जातो. अक्रोडाच्या लाकडात कोरलेली ती ऑर्गनची दर्शनी बाजू एवढी अवाढव्य आहे की वाजवणारा माणूस सापडायला वेळ लागतो.

गेल्या रविवारी, ४ जुलैच्या आठवड्यातला म्हणून, देशगीतं झाली. आमच्या १९८२च्या गीतपुस्तकात ७२० गीतं आहेत आणि शेवटचं, ७२०वं, चक्क अमेरिकेचं राष्ट्रगीत आहे. ते उपासनेत म्हणावं की नाही यावर हिरवळीवर दर वर्षी वाद होतो. माझं मत विचारशील तर नाही. वेदीसमोर कुठल्याच देशाचं राष्ट्रगीत नको, आपलंही नको. पण त्याच्या आधीचं, ७१९वं, मला मनापासून आवडतं. ‘अमेरिका द ब्यूटिफुल’. त्याची चाल रचणारा सॅम्युएल वॉर्ड हा न्यूअर्कच्या ग्रेस चर्चचा, म्हणजे एपिस्कोपल चर्चचाच ऑर्गनिस्ट. १८८२च्या उन्हाळ्यात कोनी आयलंडची सहल करून बोटीने परतताना त्याला ती सुचली, असं सांगतात. चाल त्याने यरुशलेमवरच्या एका जुन्या गीतासाठी केली होती. शब्द आले मागाहून, कॅथरीन ली बेट्स या आमच्याच राज्यातल्या प्राध्यापिकेचे, १८९३चे, आणि तेही उन्हाळी सहलीत सुचलेले. दोघांची कधी भेट झाली नाही. वॉर्ड १९०३ साली वारला, आणि शब्द व चाल एकत्र छापले गेले १९१० साली. आपण काय करून ठेवलं ते बिचाऱ्याला कळलंच नाही.

आता मुद्द्याचं. क्वायर नसला की गाणं कसं होतं? पहिल्या दोन रविवारी फार वाईट. नऊ महिने आम्ही वीसेक जण समोर उभे राहून चार आवाजांत गातो, तेव्हा मंडळीला ओठ हलवले तरी पुरतं. आम्ही गेलो की उघडं पडतं. गीत सुरू होतं आणि कुणीच सुरुवात करत नाही. जो तो शेजाऱ्याची वाट बघतो. दुसऱ्या कडव्यापर्यंत सूर सापडतो, तिसऱ्यात धीर येतो, तोवर गीत संपलेलं असतं. मी आता मुद्दाम मागच्या बाकांवर बसते, तिथून हे स्पष्ट ऐकू येतं. पण आमची ऑर्गनिस्ट हुशार आहे. जुलैत ती ओळखीचीच गीतं लावते, चाल अर्ध्या स्वराने उतरवते आणि एका कडव्याला हात उचलून घेते. परवा ६०८वं होतं, समुद्रावरच्यांसाठीचं प्रार्थनागीत. गावातली निम्मी घरं होड्यांची, ते सगळ्यांना पाठ. तिसऱ्या कडव्याला ऑर्गन थांबला. माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ असतात, आयुष्यभर लॉब्स्टरचे पिंजरे टाकलेले, क्वायरमध्ये ये म्हटलं की गुरुवारी रात्री झोपायचं असतं म्हणतात. त्यांनी खालचा सूर असा धरला, न बघता, पुस्तक मिटलेलं, की आजूबाजूच्या चार बाया आपोआप वरचा गायला लागल्या. पुस्तक धरलेला त्यांचा अंगठा निम्माच आहे, दोरात सापडून गेलेला. आम्ही हिवाळ्यात तेच गीत याहून सफाईने गायलो होतो. पण परवाचं मंडळीचं होतं, आणि माझ्या लेखी तेच श्रेष्ठ. क्वायरमध्ये असूनही म्हणते, क्वायरला सुट्टी दिली नाही तर मंडळी मुकी होईल.

क्वायरवाले मात्र सुट्टीतही स्वस्थ बसत नाहीत. इंग्लंडमधल्या कॅथीड्रलांत वर्षभर जवळजवळ रोज संध्याकाळी गायलेली उपासना असते, पण उन्हाळ्यात तिथली मुलं शाळेच्या सुट्टीवर जातात. मग आठवडाभर ती जागा भरायला बाहेरचे क्वायर येतात, अमेरिकेतून तर पुष्कळ. गेल्या ऑगस्टात आम्ही गेलो होतो. तिकिटाचे पैसे जूनमधल्या स्ट्रॉबेरी जेवणावळींतून उभे केले. गोडसर बिस्किटासारखा पाव मधोमध चिरायचा, आत साखरेत मुरवलेल्या स्ट्रॉबेऱ्या, वर फेटलेली साय. आपल्या महाबळेश्वरच्या क्रीमपेक्षा बरं नव्हे, पण खपतं. तिकडे साडेतीनला तालीम, साडेपाचला उपासना, ऐकायला कधी शंभर, कधी पावसातून आडोशाला आलेले अकरा पर्यटक. जुन्या प्रार्थनापुस्तकात दीडशे स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटून दिलेली आहेत. पंधराव्या संध्याकाळी येतं ७८वं, सत्तरहून अधिक वचनांचं. पंधरा तारखेला क्वायरवाले एकमेकांकडे दयेने बघतात. आमच्या नशिबाने तिथे ते छाटून घेतात.

आणि आता तुझ्याकडे काम. ऑर्गनिस्टने परवा विचारलं, ऑगस्टात तुमच्याकडचं काही म्हणता येईल का, क्वायर लागणार नाही असं. मी तिला म्हटलं, आमचं भजन क्वायरसाठी केलेलंच नाही. एकाने ओळ द्यायची, सगळ्यांनी उचलायची, धृपद पुन्हा पुन्हा. नारायण वामन टिळकांनी हेच ओळखलं होतं. १८९५ साली ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी मंडळीला परदेशी चालींवर सोडून दिलं नाही, अभंगाकडे आणि कीर्तनाकडे आणलं. तुकोबांचं ऋण ते उघडपणे मानत. या लोकांना मराठी येत नाही, पण दोन शब्दांचं धृपद तिसऱ्या वेळी कुणालाही येतं. ऑर्गन बंद ठेवायचा, मी ओळ देणार, लॉब्स्टरवाल्या आजोबांना खालचा सा धरायला लावणार. तबला बॉस्टनचा एक नगरकर मुलगा वाजवेल.

तेव्हा ‘उपासना संगीत’मधलं टिळकांचं एक भजन तूच निवड. सोपं, धृपद छोटं, भजनी ठेक्यात बसणारं. पेटीवर स्वतः वाजवून, स्वतः गाऊन फोनवर रेकॉर्ड करून पाठव. आवाज बसलाय वगैरे कारणं नकोत. तरुण पोरांकडून कीबोर्डवर करून घेऊ नकोस, ते ठेका पळवतात. ऑगस्टच्या पहिल्या रविवारच्या आत मिळायला हवं, कारण सप्टेंबर उजाडला की क्वायर परत येईल आणि मग चार आवाजांत बसवायचा हट्ट धरील.

सर्वांना सलाम.

तुझी भाची