नो सिग्नल

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी मराठी विभागात काय करतेय, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. हा लेख इंग्रजीत लिहून चालणारच नव्हता. का, ते शेवटी सांगते.

गोष्ट मागच्या सेमिस्टरची. मिनी प्रोजेक्टचा सेमिनार. पार्टनर म्हणजे माझी रूममेट. ती बीड जिल्ह्यातली, दहावीपर्यंत मराठी मीडियम. सर्किट दोघींचं, पण सिम्युलेशन सगळं तिचं. दोन महिने रात्री जागून तिच्याच लॅपटॉपवर केलेलं. मी काय करत होते? स्लाइड्स सजवत होते!

आमच्या सेमिनार हॉलचा प्रोजेक्टर जुना. छतावरून खाली येते ती १५ पिनांची व्हीजीए केबल. आमच्या लॅपटॉपना फक्त एचडीएमआय, म्हणून मधे एक छोटा कन्व्हर्टर लावावा लागतो. माझ्या लॅपटॉपला लावला, चित्र आलं. तिची पाळी आली तेव्हा काढून तिच्या लॅपटॉपला लावला... आणि निळ्या पडद्यावर ‘नो सिग्नल’! विंडोज आणि पी दाबून डुप्लिकेट केलं, रीस्टार्ट केलं. काही नाही. सर घड्याळ बघतायत, मागच्या बाकांवरून टाळ्या सुरू.

शेवटी मीच म्हटलं, "राहू दे गं, तुझा लॅपटॉपच खराब आहे. माझ्यावरून मी सांगते." तिचं सॉफ्टवेअर माझ्याकडे नव्हतं. मग रिपोर्टातले दोन स्क्रीनशॉट दाखवून तिचं दोन महिन्यांचं काम मी दोन मिनिटांत, फाडफाड इंग्रजीत उरकलं. सर म्हणाले, "व्हेरी गुड." मला! ती बाजूला केबल गुंडाळत उभी होती. रूमवर आल्यावर काही बोलली नाही. पण आठवडाभर मेसमध्ये तिने माझ्यासाठी जागा धरली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिचा लॅपटॉप घेऊन लॅबच्या मामांकडे गेले. मामांनी कन्व्हर्टरची बारीक शेपटी दाखवली. "ताई, ही यूएसबीत लावली होती का?"

नव्हती. एचडीएमआयचा सिग्नल डिजिटल, व्हीजीएचा अ‍ॅनालॉग. तो बदलायला कन्व्हर्टरला करंट लागतो. एचडीएमआय पोर्टने ५ व्होल्टवर किमान ५५ मिलिअँपिअर द्यावेत, एवढाच नियम आहे. माझा पोर्ट जास्त देत होता म्हणून माझं भागलं, तिचं भागलं नाही. शेपटी लावली आणि चित्र आलं. मामा म्हणाले, "मशीन चांगलं आहे ताई, उपाशी होतं."

या सेमिस्टरच्या सेमिनारआधी मी आपणहून मामांना गाठलं. हॉलमध्ये आता मागच्या बाकांसाठी टीव्हीही आहे. म्हणजे दोन लॅपटॉप, दोन पडदे. मी ऐटीत म्हटलं, "स्प्लिटर लावू." मामा हसले. "स्प्लिटर एकाचंच चित्र सगळीकडे पाठवतो. दोघींना पाळी पाहिजे तर स्विच लागतो."

मग आधी स्विच, त्याच्यापुढे स्प्लिटर. स्प्लिटरची एक वायर टीव्हीला, दुसरी कन्व्हर्टरमधून प्रोजेक्टरला. शेपटीसकट! दोन्ही पडद्यांना एकच सिग्नल जाणार आणि प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८ चा, म्हणून दोन्ही लॅपटॉप त्याच मापावर आणले. टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले, पण मागच्यांना अक्षरं दिसली.

तिची पाळी आली तेव्हा स्विचचं बटण मी दाबलं. पडदा काळा. एक सेकंद, दोन सेकंद... आणि तिचा ग्राफ! ती बोलली. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. सरांनी तीन प्रश्न विचारले. तिसऱ्याचं उत्तर मला येत नव्हतं. तिला आलं.

मित्रांनो, स्प्लिटर आणि स्विच यांतला फरक पुस्तकातून शिकले असते तर व्हायव्हापुरता लक्षात राहिला असता. मागच्या सेमिस्टरला मी स्वतःच स्प्लिटर झाले होते. काम दोघींचं, सगळीकडे आवाज मात्र एकटीचा.

सॉरी मी अजून म्हटलेलं नाही. रूममध्ये तोंडातून निघतच नाही. मॅगझिन हातात आलं की ती आधी मराठी विभाग उघडते, म्हणून इथे लिहिलं.

अगं, तुझा लॅपटॉप खराब नव्हता. शेपटी मी लावली नव्हती.