उजेड हातांवर

माझा धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर. महाडच्या घरात त्याच्याशी बोलायला आम्ही आमच्या खुणा घडवल्या होत्या. कपाळावर बोट टेकलं की आई. हात नागमोडी वर गेला की पोलादपूरची मावशी. आंबेनळी घाट तिच्या गावाहूनच चढायला लागतो. आडवा तळहात हळूहळू वर नेला की सावित्री नदीचं पाणी चढतंय. दर पावसाळ्यात ही खूण लागायचीच.

२२ जुलै २०२१ च्या पुराच्या रात्री ती उपयोगी पडली नाही. वीज गेलेली, गल्लीत आरडाओरडा, आणि भाऊ गाढ झोपेत. मी त्याला हलवून उठवलं, तळहात वर नेला. अंधारात त्याला काहीच दिसेना. घाबरून त्याने माझे दोन्ही हात धरले, आणि माझं बोलणंच थांबलं. अखेर आईने मोबाइलचा टॉर्च माझ्या हातांवर धरला. पुढे बॅटरी वाचवायला तोही बंद केला. मग मी त्याचा हात जिन्यावरच्या पाण्याला लावून दाखवत राहिले.

पूर ओसरल्यावर मदत घ्यायला गेलो. करोनाचे दिवस, सगळ्यांची तोंडं मास्कखाली. शाळेत कष्टाने शिकवलेलं ओठवाचन तिथे काय कामाचं? कुणीतरी त्याला नाव विचारलं असावं. त्याने घरातली स्वतःची खूण केली. पुन्हा केली. मी पोहोचले तेव्हा तो मान खाली घालून उभा होता. त्या माणसाचा दोष नव्हता. आम्हीच भावाला उंबरठ्याआत चालेल एवढीच भाषा दिली होती.

त्याच वर्षी फेब्रुवारीत दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने १०,००० शब्दांचा कोश प्रसिद्ध केला होता. त्यातल्या चित्रफिती पाहत आम्ही दोघं शिकू लागलो. या सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. आपण 'कुठे जातोस?' म्हणतो, तिथे 'कुठे' शेवटी येतं, आणि प्रश्न भुवयांतही उमटावा लागतो.

पुढे एकदा मुंबईच्या लोकलमध्ये त्याला कर्णबधिर मुलांचा घोळका भेटला. दादरपर्यंत हात थांबले नाहीत. त्यांचा वेग मला झेपेना. पहिल्यांदाच त्याला माझी गरज नव्हती, आणि माझा ऊर भरून आला.

जून लागला की आता आमच्या उशाशी टॉर्च असतो. घरातल्या सगळ्यांना पाठ झालंय: उजेड भावाच्या डोळ्यांवर मारायचा नाही. बोलणाऱ्याच्या हातांवर धरायचा.